पावलांची शिस्त, पाण्याचा हक्क : मुंबई मॅरेथॉनची तयारी करताना

मुंबई मॅरेथॉन जानेवारीच्या तिसऱ्या रविवारी होते, त्यामुळे पूर्ण मॅरेथॉन, म्हणजे ४२.१९५ किलोमीटर, धावू इच्छिणाऱ्याला भर पावसाळ्यातच कामाला लागावे लागते. ज्यांनी एखादी अर्धमॅरेथॉन व्यवस्थित पूर्ण केली आहे, नोकरी-संसार सांभाळून आठवड्यातून चार पहाटा ज्यांना मोकळ्या करता येतात आणि आता पूर्ण अंतर धावावे असे ज्यांना मनापासून वाटते, त्यांच्यासाठी हे मार्गदर्शन आहे.

सरावाच्या वेळापत्रकाबरोबर यात आणखी एका तयारीचा विचार केला आहे. पाच-सहा महिन्यांत माणूस कितीतरी तास एकटा धावतो आणि त्या तासांत मन कुठे ना कुठे जातेच. ते ऑफिसातल्या भांडणाकडे जाते, कर्जाच्या हप्त्याकडे जाते, नाहीतर मनगटावरच्या घड्याळातल्या आकड्यांत अडकून पडते. तेच मन आपल्या श्रद्धेकडे आणि ज्या शहरात आपण धावतो त्या शहरातल्या न्याय-अन्यायाकडे वळवता येते, आणि तसे वळवल्याने धावणेही सुधारते, असे माझे ठाम मत आहे. माझी श्रद्धा बुद्धाच्या धम्मावर आहे आणि माझे घर दादरजवळच्या नायगावला आहे, म्हणून उदाहरणे त्या अंगाने येतील. वाचक वारकरी असोत, नमाज पढणारे असोत, चर्चला जाणारे असोत किंवा कशावरच विश्वास न ठेवणारे असोत, ही पद्धत त्यांनाही वापरता येईल.

आधी डॉक्टर, मग वेळापत्रक

वय चाळिशीपुढे असेल, रक्तदाब किंवा मधुमेह असेल, अथवा घरात कोणाला कमी वयात हृदयविकार झाला असेल, तर डॉक्टरांना भेटून ईसीजी आणि त्यांनी सांगितल्यास स्ट्रेस टेस्ट करून घेतल्याशिवाय सराव सुरू करू नये. धावताना छातीत दुखणे किंवा डोळ्यांपुढे अंधारी येणे ही लक्षणे थकवा समजून सोडून देण्याची नव्हेत. शर्यतीची नावनोंदणी कित्येक महिने आधी सुरू होते. पूर्ण मॅरेथॉनसाठी आधीच्या शर्यतीचे वेळेचे प्रमाणपत्र लागते, ते हाताशी ठेवावे.

साधारण पाच-सहा महिन्यांचा सराव पुरेसा होतो. मंगळवारी सहा ते आठ किलोमीटर सावकाश, गुरुवारी तेवढेच अंतर पण मधले काही किलोमीटर वेगाने किंवा चढावर, शनिवारी चार-पाच किलोमीटर अगदी हलके आणि रविवारी लाँग रन, म्हणजे आठवड्यातली सर्वांत लांब धाव, अशी मांडणी नोकरदार माणसाला पेलते. उरलेल्या दिवसांपैकी दोन दिवशी वीस-पंचवीस मिनिटे बैठका, पायरीवर टाचा उचलणे, प्लँक असे व्यायाम करावेत, कारण शेवटच्या दहा किलोमीटरमध्ये कंबर आणि मांड्या साथ सोडतात त्या याच व्यायामाच्या अभावी. जुलै-ऑगस्टमध्ये रविवारचे अंतर चौदा-पंधरा किलोमीटरपासून सुरू करून डिसेंबरच्या शेवटी ते तीस-बत्तीसपर्यंत न्यावे. आठवड्याचे एकूण अंतर साधारण दहा टक्क्यांहून जास्त वाढवू नये आणि दर चौथ्या आठवड्यात ते पाव हिश्श्याने कमी करावे. सर्वांत लांब धाव शर्यतीच्या तीन आठवडे आधी पूर्ण झालेली असावी. तयारीत पूर्ण बेचाळीस किलोमीटर धावून पाहण्याची गरज नसते आणि तसे करूही नये.

सोण कोळिविसाचे पाय

सराव किती जोरात करावा याविषयी पाली परंपरेत एक कथा आहे. सोण कोळिविस हा चंपा नगरीतल्या अतिशय श्रीमंत घरातला मुलगा होता. तो इतक्या सुखात वाढला होता की त्याच्या तळपायांवर कोवळी लव होती, असे कथा सांगते. भिक्खू झाल्यावर त्याने चंक्रमणाचा, म्हणजे चालत ध्यान करण्याचा, इतका ध्यास घेतला की पाय फुटले आणि चालण्याची वाट रक्ताने माखली. एवढे करूनही मनाला काहीच साधत नाही हे पाहून तो घरी परतण्याचा विचार करू लागला. तेव्हा बुद्ध त्याच्याकडे गेले. सोण पूर्वी वीणा वाजवीत असे, म्हणून त्यांनी त्याला विचारले की वीणेच्या तारा फार ताणल्या तर ती सुरात वाजते का, आणि फार सैल सोडल्या तर वाजते का. दोन्ही वेळा सोण नाही म्हणाला. प्रयत्नाचेही तसेच आहे, असे बुद्धांनी त्याला समजावले.

नवख्या धावपटूंची नडगी दुखते, टाच ठणकते, गुडघ्याची बाहेरची बाजू धरते, हाडाला बारीक चीर जाते, याचे कारण बहुतेक वेळा हेच असते की सावकाश धावण्याच्या दिवशीही ते जोरात धावतात. आठवड्यातल्या पाच किलोमीटरपैकी चार किलोमीटर अशा वेगाने धावावेत की पूर्ण वाक्य न तुटता बोलता येईल. सोबतीला कोणी नसेल तर आपल्याला जे पाठ आहे ते ओठांवर आणावे. मी त्रिशरण आणि पंचशील म्हणतो; एका ओळीत दोनदा श्वास घ्यावा लागला की वेग कमी करतो. कोणी ज्ञानोबा-तुकारामाचा गजर करील, कोणी दुरूद म्हणेल, कोणी जपमाळेतली प्रार्थना म्हणेल. छातीला पट्टा बांधून हृदयाचे ठोके मोजण्याइतकीच ही कसोटी विश्वासार्ह आहे आणि तिला खर्च नाही.

या कथेचा पुढचा भाग कमी सांगितला जातो, पण मला तोच अधिक मोलाचा वाटतो. सोणाचे पाय नाजूक आहेत हे जाणून बुद्धांनी त्याला एका तळाच्या पादत्राणांची परवानगी दिली. सोणाने ती एकट्यासाठी घेण्यास नकार दिला. एवढी संपत्ती सोडून आलेला सोण आता पादत्राणांत अडकला, असे लोक म्हणतील. भगवंतांनी सर्व भिक्खुसंघाला परवानगी दिली तर मीही वापरीन, असे तो म्हणाला. तेव्हा ती परवानगी सर्वांसाठी झाली.

बूट विकत घेताना हा प्रसंग मनात असावा. बूट संध्याकाळी घ्यावेत, कारण दिवसभरात पाय थोडे सुजलेले असतात, आणि सर्वांत लांब बोटापुढे अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा ठेवावी, नाहीतर नखे काळी पडतात. सहाशे ते आठशे किलोमीटरनंतर तळाची लवचीकता संपते, म्हणजे एका मॅरेथॉनच्या तयारीत एक जोड जवळजवळ खर्ची पडतो. पावसाळ्यात दोन जोड आलटून-पालटून वापरावेत आणि भिजलेल्या बुटांत वर्तमानपत्राचे बोळे भरून ते पंख्याखाली वाळवावेत. एक चांगला जोड काही हजारांना मिळतो, आणि ज्या रस्त्यावर आपण तो घालून धावतो त्याच रस्त्यावर महापालिकेच्या शाळेतली मुले स्लिपर घालून शाळेत जातात. एकत्र धावणाऱ्या आमच्यासारख्या गटांनी दर वर्षी एका-दोघा धावणाऱ्या मुलांसाठी नवे बूट घ्यावेत, आणि ते नवेच असावेत. तळ मेलेला आपला जुना जोड वाढत्या वयाच्या मुलाला देऊन त्याला मदत म्हणू नये. त्याच्या गुडघ्यांनाही आपल्या गुडघ्यांइतकीच काळजी लागते.

मंगळवारचा श्वास

मंगळवारची सावकाश धाव मी आनापानासाठी, म्हणजे येणाऱ्या-जाणाऱ्या श्वासाकडे पाहण्यासाठी, राखून ठेवली आहे. इअरफोन घरी ठेवावेत. पहिली दहा मिनिटे फक्त श्वास आणि पाऊल यांचा मेळ पाहावा: तीन पावलांत श्वास आत, दोन पावलांत बाहेर. काही जणांना दोनास दोन जमते, त्यांनी तसे करावे. मन भरकटले की स्वतःवर न चिडता पुन्हा श्वासाकडे यावे. एका धावेत हे शंभर वेळा घडले तरी बिघडत नाही. श्वास आखूड होऊ लागला, खांदे कानांकडे चढले, मुठी आवळल्या गेल्या, तर शरीर ताणाखाली आले आहे हे घड्याळाच्या आधी कळते, आणि शर्यतीच्या दिवशी ही ओळख फार उपयोगी पडते.

नायगावहून निघून परळची बीआयटी चाळ, जिथे बाबासाहेब दोन दशकांहून अधिक काळ राहिले, तिथून हिंदू कॉलनीतले राजगृह आणि पुढे चैत्यभूमी अशी ही धाव मला आवडते. दादर स्टेशनबाहेर पावणेपाचच्या सुमारास वर्तमानपत्रांच्या गठ्ठ्यांच्या सुतळ्या कापल्या जातात. फूटपाथवर मांडी घालून बसलेली माणसे एका हाताने अंक उघडतात, दुसऱ्या हाताने पुरवणी आत सरकवतात आणि मान वर न करता अंक डावीकडच्या ढिगावर टाकतात. थोडे पुढे फुलबाजारात झेंडूची पोती उतरत असतात आणि त्यांच्या पाण्याने रस्ता निसरडा झालेला असतो, तिथे चालावे. शेवटच्या किलोमीटरमध्ये मंगल मैत्री, म्हणजे सर्वांच्या भल्याची भावना, करावी: आधी स्वतःसाठी, मग सोबत धावणाऱ्यांसाठी, मग या जागलेल्या माणसांसाठी, आणि सर्वांत शेवटी ज्याच्यावर आपला राग आहे त्या माणसासाठी. ही भावना मनापासून करावी. मात्र तिने न्यायाचे काम आपोआप पार पडते असा समज करून घेऊ नये. आपण हौसेने पहाटे उठतो आणि ही माणसे पोटासाठी उठतात, हा फरक सद्भावनेने मिटत नाही. तो लक्षात ठेवून निदान त्यांच्या कामाच्या वाटेत गटाने उभे राहून ताणाचे व्यायाम करू नयेत, त्यांना बाजूला सरकायला लावू नये, एवढे तरी पाळावे.

पाणी

मुंबईत धावणाऱ्याची खरी परीक्षा दमट हवा घेते. घाम येतो, पण हवेत आधीच बाष्प भरलेले असल्यामुळे तो वाळत नाही, आणि घाम वाळला नाही तर शरीर थंड होत नाही. ऑक्टोबरच्या उकाड्यात तर पहाटे पाचलाही ही अवस्था असते. म्हणून त्या महिन्यात वेगाची अपेक्षा सोडून द्यावी आणि साडेचारलाच निघावे.

आपल्याला किती पाणी लागते हे ओळखण्याचा सोपा उपाय असा: लाँग रनच्या आधी आणि नंतर, घामाने भिजलेले कपडे काढून, वजन करावे. एक किलो कमी झाले असेल तर साधारण एक लिटर द्रव कमी पडला. वजनाच्या दोन-तीन टक्क्यांहून जास्त घट होऊ देऊ नये. वजन वाढले असेल तर ती त्याहून गंभीर गोष्ट आहे, कारण नुसते पाणी भरमसाट प्यायल्याने रक्तातील सोडियम घसरते. डोके दुखणे, मळमळ, बोटांना सूज आणि गोंधळलेपण ही त्याची लक्षणे असतात, आणि मॅरेथॉनमध्ये यामुळे प्राण जाऊ शकतात. तहान लागेल तसे, थोडे-थोडे प्यावे. तासाभराच्या पुढच्या धावेत साध्या पाण्याबरोबर ओआरएस किंवा मीठ-साखर घातलेले लिंबाचे सरबत असावे. ओआरएसचे मोठे पाकीट एक लिटर पाण्यासाठी असते. ते अर्ध्या बाटलीत घट्ट करून पिऊ नये. दीड तासापुढे दर तासाला तीस ते साठ ग्रॅम कर्बोदके पोटात जावीत. खजूर, केळे, राजगिऱ्याची चिक्की हे सगळे चालते. जेल, म्हणजे धावताना खायचा पाकिटातला घट्ट गोड पाक, वापरायचे असेल तर सरावातच वापरून पाहावे.

चढाच्या सरावासाठी एखाद्या रविवारी बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात जावे. प्रवेशद्वारापासून कान्हेरी लेण्यांपर्यंत साधारण सहा-सात किलोमीटरचा रस्ता आहे आणि त्याचा शेवटचा भाग चांगला चढाचा आहे. तिथे बिबट्यांचा वावर आहे, म्हणून उजाडल्यावर आणि गटानेच धावावे. वर पोहोचल्यावर लेण्यांच्या बाजूला खडकात कोरलेली पाण्याची टाकी नीट पाहावीत. पावसाचे पाणी उतारावरच्या पन्हळींतून या टाक्यांत येते आणि डोंगरावर राहणाऱ्या भिक्खूंची तहान त्यावर भागत असे. ही टाकी कोणी दिली हे शिलालेखांत नोंदले आहे. दात्यांत कल्याण आणि सोपाऱ्याचे व्यापारी आहेत, कारागीर आहेत. कल्याणच्या एका सोनाराने टाके दिल्याचीही नोंद आहे. त्या दगडापाशी उभे राहून बाटली तोंडाला लावताना मला नेहमी वाटते की पाण्याची सोय करणे हे आपल्याकडे फार जुने पुण्यकर्म आहे, आणि पाण्यापासून माणसाला अडवणे हेही इथलेच.

महाडचे चवदार तळे यासाठीच आठवावे. सीताराम केशव बोले यांनी मांडलेला ठराव मुंबईच्या विधिमंडळाने १९२३ मध्ये मंजूर केला आणि सार्वजनिक पाणवठे अस्पृश्य मानलेल्यांना खुले झाले. महाडच्या नगरपालिकेने पुढच्याच वर्षी तो मान्यही केला, पण तळ्याचे पाणी त्यांना मिळाले नाही. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब आंबेडकर हजारो अनुयायांसह तळ्यावर गेले आणि पाणी प्यायले. नंतर विरोधक न्यायालयात गेले, मनाई हुकूम आला, आणि उच्च न्यायालयाचा निकाल बाबासाहेबांच्या बाजूने लागला तो १७ मार्च १९३७ रोजी. कागदावर मिळालेल्या हक्काचे पाणी ओंजळीत यायला आणि ते न्यायालयात टिकायला मिळून चौदा वर्षे लागली. लाँग रनच्या पंचवीस-सव्विसाव्या किलोमीटरला जीभ टाळ्याला चिकटते, तेव्हा मी ही चौदा वर्षे मनात एकेक करून मोजतो. ज्यांनी तारखांवर तारखा काढल्या त्यांचा धीर आठवला की उरलेले चार-पाच किलोमीटर झेपतात.

हा इतिहास झाला असे मानून मोकळे होता येत नाही. मुंबईत वर्ष २००० नंतर उभ्या राहिलेल्या झोपड्यांना महापालिका नळजोडणी देत नव्हती. पाणी हक्क समितीने त्याविरुद्ध याचिका केली आणि डिसेंबर २०१४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने सांगितले की वस्ती बेकायदा आहे या कारणाने तिथल्या माणसांना पाणी नाकारता येणार नाही. तरीही पहाटे धावताना हंडे आणि कॅन घेऊन रांगेत उभ्या असलेल्या बायका-मुली आजही दिसतात. शर्यतीच्या सकाळी मात्र रस्त्याच्या कडेला अनोळखी मुले पाण्याची बाटली पुढे करतात आणि जात, धर्म, पत्ता, ओळखपत्र काहीही विचारत नाहीत. एका सकाळी जे शक्य होते ते रोज का होत नाही, हा प्रश्न सरावाच्या काळात मनात धरावा आणि आपल्या विभागात कोणत्या वस्तीला नळ नाही याची माहिती वॉर्ड ऑफिसातून आणि त्या वस्तीतल्या माणसांकडून स्वतः घ्यावी.

रस्त्यावर कोण धावू शकते

बॉस्टन मॅरेथॉनमध्ये १९६७ साली कॅथरीन स्वित्झर क्रमांक लावून धावत असताना एका अधिकाऱ्याने तिला धरून बाहेर काढण्याचा प्रयत्न केला होता, आणि ऑलिंपिकमध्ये स्त्रियांची मॅरेथॉन सुरू व्हायला १९८४ उजाडावे लागले. आज मुंबईत स्त्रियांना धावण्यापासून कोणी नियमाने अडवत नाही. त्यांना अंधार, पाठलाग करणारी दुचाकी आणि शौचालयाचा अभाव अडवतो. मुताऱ्यांसाठी पुरुषांना पैसे पडत नाहीत आणि स्त्रियांना मोजावे लागतात, या अन्यायाविरुद्ध ‘राइट टू पी’ आंदोलन याच शहरात उभे राहिले. तीन-चार तासांची धाव आखताना ही अडचण किती मोठी आहे हे पुरुषांच्या लक्षातच येत नाही. म्हणून गटाने रविवारचा मार्ग ठरवताना तो स्त्रियांना ठरवू द्यावा, वाटेवरची उघडी आणि स्वच्छ शौचालये आधी पाहून ठेवावीत, निघण्याची वेळ पहिल्या लोकलशी जुळवावी, आणि सर्वांत मागे धावणाऱ्या व्यक्तीच्या सोबत शेवटपर्यंत कोणीतरी असेल असा नियम करावा.

दुसरी गोष्ट कचऱ्याची. जेलची रिकामी पाकिटे आणि बाटल्या रस्त्यावर पडतात त्या उचलणारे हात ठरलेले आहेत, आणि ते कोणत्या समाजांतून येतात हेही या शहराला ठाऊक आहे. मुंबई महापालिकेच्या सुमारे २,७०० कंत्राटी सफाई कामगारांना कायम करण्यासाठी कचरा वाहतूक श्रमिक संघाला दीर्घ लढा द्यावा लागला आणि २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयात त्याला यश आले. खिशात एक छोटी पिशवी ठेवून आपला कचरा आपण घरी आणणे, ही धावणाऱ्याची किमान नीती आहे. शर्यतीतही बाटली कचऱ्याच्या पेटीपर्यंत हातात धरावी. त्याने जाणारे चार सेकंद कोणाच्याही आयुष्यात मोठे नसतात.

शेवटचे तीन आठवडे आणि ती सकाळ

सर्वांत लांब धावेनंतर अंतर दर आठवड्याला कमी करत यावे. या काळात पाय उगाच दुखल्यासारखे वाटतात, सराव बुडाला असे वाटते आणि माणूस जास्तीची धाव उरकून येतो; तो मोह टाळावा. बिब, म्हणजे छातीवर लावायचा क्रमांक, स्वतः जाऊन घ्यावा लागतो, त्यासाठी शर्यतीआधीच्या दिवसांत वेळ काढून ठेवावा. आदल्या रात्री नेहमीचेच जेवण घ्यावे, वरण-भात उत्तम. नखे तीन-चार दिवस आधी कापावीत. काख, मांड्या आणि स्तनाग्रांवर व्हॅसलीन लावावे, नाहीतर घामाने कपडे काचतात. त्या दिवशी नवीन काहीही वापरू नये, नवा मोजासुद्धा नाही.

पूर्ण मॅरेथॉन छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून अंधारातच सुटते. मार्गात दर वर्षी थोडा बदल होतो, म्हणून त्या वर्षीचा नकाशा पाहून ठेवावा. मरीन ड्राइव्हच्या गार वाऱ्यात आणि पुढे वांद्रे-वरळी सागरी सेतूवर, जिथे एरवी पायी जाता येत नाही, माणूस भारावून वेग वाढवतो. पहिले अर्धे अंतर ठरवलेल्या वेगापेक्षा किंचित सावकाशच जावे. शरीरातला साखरेचा साठा साधारण तिसाव्या किलोमीटरच्या आसपास संपत येतो, आणि नेमकी त्यानंतरच पेडर रोडची चढण लागते. तिथे पावले आखूड करावीत, नजर दहा पावलांपुढे ठेवावी, हात हलते ठेवावेत आणि गरज पडली तर न लाजता चालावे. अंगावर काटा, थंडी वाजणे, पाय भलतीकडे पडणे किंवा छातीत दुखणे यांपैकी काहीही झाले तर जवळच्या वैद्यकीय मदत केंद्रावर थांबावे.

या मार्गाच्या आसपास माहीमचा दर्गा आणि चर्च आहे, सिद्धिविनायक आहे, शिवाजी पार्कच्या पलीकडे चैत्यभूमी आहे, समुद्रात हाजी अली आहे. प्रत्येक ठिकाणी एका माणसाचे नाव आठवावे, ज्याच्या श्रमामुळे आपण इथवर आलो: घरी डबा करणारी व्यक्ती, सोबत धावलेला शेजारी, पहाटे भेटणारा सफाई कामगार. हाजी अलीसमोर मी त्या स्त्रियांना आठवतो ज्यांनी मजारीपर्यंत जाण्याचा हक्क मागितला. २०१६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो मान्य केला. श्रद्धेच्या जागीही न्याय मागावा लागतो आणि मागणारे बहुधा श्रद्धावानच असतात, हे तिथून जाताना मनाशी स्पष्ट होते.

समाप्तीरेषेनंतर लगेच बसू नये. पंधरा-वीस मिनिटे चालत राहावे, केळे खावे, ओआरएस घोटाघोटाने प्यावे आणि कोरडा टी-शर्ट घालावा. जिने उतरताना मांड्या दोन-तीन दिवस दुखतात, ते स्वाभाविक आहे. एका जागी बोट ठेवून दाखवता येईल असे दुखणे असेल, किंवा लघवी गडद चहाच्या रंगाची झाली असेल, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे.

शर्यतीच्या निमित्ताने निधी गोळा करण्याची सोय मुंबईत आहे आणि युनायटेड वे मुंबई या संस्थेच्या माध्यमातून अनेक संस्था त्यात सहभागी होतात. संस्था निवडताना तिचे वार्षिक अहवाल वाचावेत आणि सरावाच्या महिन्यांत ज्या प्रश्नाशी आपली गाठ पडली त्याच प्रश्नावर काम करणारी निवडावी. देणगीने नळ येत नाही. तो अर्ज, पाठपुरावा आणि मोर्चा यांनी येतो. म्हणून पैशांबरोबर वेळही द्यावा. फेब्रुवारीत रविवारची पहाट मोकळी असते, त्यातल्या दोन तरी पहाटा आपल्या वॉर्डातल्या नळ नसलेल्या वस्तीत जाऊन अर्ज भरायला मदत करण्यात घालवाव्यात. धावणे आठ-दहा दिवसांनी पुन्हा सुरू करावे, पहिल्या दिवशी वीस-पंचवीस मिनिटे सपाट रस्त्यावर, आणि पोटरी धरली तर तिथूनच चालत घरी यावे.